आरटीएक्स ३०६० टीआय : मे महिन्यात नीट चाललेलं अंडरव्होल्ट पाऊस लागल्यावर का पडतं?

रात्रपाळी_डिचोली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो. तीन आठवडे या एका गोष्टीच्या मागे आहे आणि अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही काही सुचणार नाही.

घर डिचोलीला, मंगळुरी कौलांचं, माझी खोली पश्चिमेच्या अंगाला. वेर्ण्याला कारखान्यात पाळीनं काम करतो. रात्रपाळी असली की सकाळी साडेसातला घरी येतो, आंघोळ करतो, पेज खातो आणि झोपण्याआधी तासभर खेळतो. मशीन असं : रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा युपीएस. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० टीआय, जीडीडीआर६ मेमरीचं, गेल्या चवथीच्या आधी सेकंडहँड घेतलं. घेतल्या घेतल्या पेस्ट आणि थर्मल पॅड बदलले.

एप्रिल-मेमध्ये कौलं तापली की माझ्या खोलीत दुपारी ३४ अंश असतात. खेळताना कार्ड ८१ अंशांवर जायचं आणि पंखे असे ओरडायचे की फळीच्या भिंतीपलीकडे आईची झोप मोडायची. म्हणून आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये अंडरव्होल्ट केलं, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी केलं. आधी मूळ सेटिंगवर आकडे वहीत लिहून ठेवले : क्लॉक म्हणजे चिपचा वेग १९३५ मेगाहर्ट्झ, १.०४३ व्होल्ट, १९८ वॅट. मग अर्धा तास गेम चालवला, कार्ड पुरतं तापू दिलं, आणि कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणाऱ्या रेषेत, ०.८८१ व्होल्टवर १८९० मेगाहर्ट्झ बसवले. मेमरीचा वेग अधिक ८०० मेगाहर्ट्झ केला. तापमान ७१ वर आलं, वीज १५२ वॅट, पंख्याचा आवाज निम्म्याहून कमी. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, एखाददुसरा इकडेतिकडे. मे महिनाभर एकदाही गेम पडला नाही. इतकं समाधान झालं होतं की चुलतभावाच्या मशीनवरही करून दिलं.

मृगाचा पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. गेम सुरू केला की तीन-चार मिनिटांत स्क्रीन क्षणभर काळी होते, गेम बंद, मी डेस्कटॉपवर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते, डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो परत उठला अशी. दुसऱ्यांदा सुरू केला की कधी चालतो, कधी पुन्हा पडतो. पण पहिली पाच-सात मिनिटं निभावली तर मग तीन तास काही होत नाही. कार्ड तापलेलं असताना कधीच पडत नाही, हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. उलट व्हायला पाहिजे ना?

करून पाहिलेलं : ड्रायव्हर मुळापासून काढून नव्यानं घातला. कार्ड काढून कॉन्टॅक्ट खोडरबरानं पुसले, परत बसवलं. पॉवरच्या केबल बदलल्या. मूळ सेटिंगवर ठेवलं तर एकदाही पडत नाही, म्हणजे कार्ड मेलेलं नाही.

माझे अंदाज दोन. एक, हवेतला दमटपणा. भिंतीला हात लावला तर ओला होतो सध्या. दोन, लाईट. पाऊस लागल्यापासून दिवसातून चार वेळा ती डोळे मिचकावते, व्होल्टेज खालीवर होतं आणि युपीएस टकटक करत राहतो. अंडरव्होल्ट केलेलं कार्ड अशा विजेला टिकत नाही का?

आणखी एक बारीकसं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावलेले असतात, त्यात सुरुवातीला १९२० दिसतात आणि मग हळूहळू १८९० वर येऊन थांबतात. असंच असतं समजून सोडून दिलंय.

कुणाला असा अनुभव असेल तर सांगा. मे महिन्यासारखं परत चालवायचं आहे.


पर्वरी_साठफ्रेम

भावा, माझ्यामते तू उगाच कर्व्हच्या नादी लागलास. कर्व्ह रीसेट कर, पॉवर लिमिटचा स्लायडर ७५ टक्क्यांवर आण, विषय संपला. तुझ्या कार्डाची मर्यादा २०० वॅटची, म्हणजे ते १५० च्या वर जाणारच नाही. पॉवर लिमिटनं गेम पडायचा प्रश्नच नसतो, कारण कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे कंपनीनं ठरवलेलंच राहतं, कार्ड फक्त त्याच रेषेवर खाली उतरतं.

मी दोन उन्हाळे असंच चालवलंय. क्लॉक जरा नाचतो, जड सीनमध्ये १७०० च्या आसपास उतरतो, पण मला तरी डोळ्यांना फरक कळत नाही. रात्रपाळी करून येतोस, असलेला तासभर खेळण्यात घालव.


कवळ्याचा_सोल्डर

पर्वरीवाल्यांचा उपाय चांगला आहे आणि ज्याला खोलात जायचं नाही त्यानं तोच करावा, हे आधी मान्य करतो. पण रात्रपाळी, तू वहीत आकडे लिहून ठेवणारा मुलगा आहेस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच शेवटच्या चार ओळींत लिहिलंयस आणि वर ते सोडून दिलंयस म्हणतोस. ते १९२०.

मी फोंड्याजवळ गेली बरीच वर्षं टीव्ही, युपीएस आणि आता कार्डं दुरुस्त करतो. दमटपणा बोर्डाचं नुकसान करतो, पण सावकाश. गंज धरतो, पिना हिरव्या पडतात. तो पहिल्या चार मिनिटांत गेम पाडून नंतर तीन तास गप्प बसत नाही. लाईटचंही तसंच. भिंतीतल्या विजेचं व्होल्टेज आणि कार्डाच्या चिपला मिळणारं व्होल्टेज यांच्यामध्ये दोन चौक्या आहेत. पॉवर सप्लाय २३० चे १२ व्होल्ट करतो आणि ते पाच टक्क्यांच्या आत राखायचं काम त्याचं, म्हणजे ११.४ ते १२.६. मग कार्डावरची कॉइल आणि मॉस्फेटची रांग त्या १२ चे ०.८८१ करते. बाहेर २१० असोत की २४०, चिपला त्याचा पत्ताही लागत नाही. लाईट खरोखर आड आली असती तर अख्खं मशीन बंद पडलं असतं, नुसता ड्रायव्हर नाही.

आता क्लॉककडे ये. तू कर्व्हमध्ये १८९० चा ठिपका ठेवलास म्हणून कार्ड १८९० वर बांधलं गेलं असं तुला वाटतं. तसं नसतं. एनव्हिडियाच्या कार्डांत जी बूस्ट पद्धत आहे ती तापमान बघून आख्खी रेषाच वर-खाली सरकवते, १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. कार्ड तापत गेलं की एकेक पायरी खाली, थंड असलं की वर. तू रेष बसवलीस तेव्हा कार्ड पुरतं तापलेलं होतं. म्हणजे तू कार्डाला सांगितलंस की तापलेलं असताना १८९०. थंड असताना काय करायचं ते त्यानं आपल्या हिशेबानं ठरवलं : दोन पायऱ्या वर, १९२०. व्होल्टेज मात्र तेच ०.८८१, कारण पुढची रेष तू सपाट केलीस. एवढ्या व्होल्टेजवर तुझी चिप १८९० ओढते, १९२० ओढत नाही. चार मिनिटांत कार्ड तापतं, क्लॉक उतरतो, आणि सगळं सुरळीत. म्हणून तापल्यावर पडत नाही.

मग मेमध्ये का नाही पडलं? माझा अंदाज सांगतो, तू तपासून बघ. तुझ्या कार्डाचे पंखे हलक्या कामात बंद राहत असणार, बहुतेक कार्डांचे राहतात. मेमध्ये खोली ३४ अंशांची, पंखे बंद, कार्ड नुसतं बसूनच पन्नाशीजवळ असेल. म्हणजे गेम सुरू करताना ते मुळी थंड नव्हतंच. आता पाऊस आहे, तू सकाळी येतोस, खोली २५-२६ वर आलेली असते. कार्ड खऱ्या अर्थानं थंड असतं, आणि एक पायरी जास्त वर चढतं.

एक काम कर. मेमरी शून्यावर आण, एका वेळी एकच गोष्ट तपासायची. मशीन अर्धा तास पूर्ण बंद ठेव. मग चालू कर, गेम लाव, आणि ४०, ५०, ६०, ७० अंशांना क्लॉक किती दिसतो तो वहीत लिही. मेमधला एखादा स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ असेल, ज्यात गेम सुरू होतानाचे आकडे दिसतात, तर तोही शोध.

तोवर तुझ्या आधीच्या आकड्यांबद्दल एक सांगतो, कारण ते मला फार आवडले. चिप जी वीज खाते ती क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ०.८८१ ला १.०४३ नं भाग, ०.८४५ येतात. त्याचा वर्ग ०.७१४. क्लॉक १९३५ चा १८९० झाला, म्हणजे ०.९७७ पट. दोन्हींचा गुणाकार सुमारे ०.७०. म्हणजे नुसती चिप आधीच्या ७० टक्के विजेवर आली. मेमरी, पंखे आणि त्या कॉइलमध्ये वाया जाणारी वीज मिळून अंदाजे ५० वॅट धर, त्यात फारसा फरक पडत नाही. राहिलेल्या १४८ चे ७० टक्के १०३, त्यात ५० मिळव, १५३. तुझ्या वहीत १५२ आहेत. क्लॉक सव्वादोन टक्के सोडला आणि वीज जवळजवळ पाव भाग वाचली. कंपनीला एकाच साच्यातून निघालेली प्रत्येक चिप चालवायची असते, त्यातली सगळ्यात मागासलेलीही, म्हणून ती सगळ्यांना जास्तीचं व्होल्टेज देऊन ठेवते. तुझी चिप तितकी मागासलेली नाही. ते जास्तीचं परत काढून घ्यायचं आणि त्यातलं थोडं शिल्लक ठेवायचं, एवढंच हे काम आहे. शिल्लक ठेवायचं राहून गेलं.


रात्रपाळी_डिचोली

दादा, वाचून अंगावर काटाच आला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं.

आज सकाळी खोली २६, कार्ड ३७ अंश. गेम सुरू, १९२०. पहिल्या वेळी अडीच मिनिटांत पडला. दुसऱ्यांदा तगला, तेव्हाचे आकडे : ४० ला १९२०, ५२ ला १९०५, ६० लाही १९०५, ६५ ला १८९०, ७० ला १८९०. मेमरी शून्यावर होती, म्हणजे तिचा दोष नाही.

मेचा एक व्हिडिओ चुलतभावाला पाठवलेला सापडला. त्यात गेम सुरू होताना कार्ड ५१ अंश आणि क्लॉक १९०५. १९२० कुठेच नाही. खोली तेव्हा ३४ होती आणि पंखे बंद. तुमचा अंदाज अंशाअंशानं बरोबर.

म्हणजे ०.८८१ वर माझी चिप १९०५ ओढते आणि १९२० ओढत नाही, एवढाच सगळा मामला? पंधरा मेगाहर्ट्झ?


कवळ्याचा_सोल्डर

एवढाच. आणि यातून आणखी एक कळतं : मेमध्येही तू काठावरच उभा होतास, एक पायरी पुढे खड्डा होता. १९०५ चाललं म्हणून तेवढंच धरू नको. चिप जुनी होत जाते, पेस्ट सुकते, नवा गेम वेगळा ताण देतो. दोन-तीन पायऱ्या मागे ये.

आता रेष थंड कार्डावर बसव. मशीन चालू करून दहा मिनिटं नुसतं ठेव, मग आफ्टरबर्नर उघड. आधी रीसेट. कोअर क्लॉकचा स्लायडर उणे ३०० कर आणि खूण दाब, सगळी रेष खाली जाईल. कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह उघड. ८९३ मिलिव्होल्टचा ठिपका शोध. हे ठिपके सव्वासहा मिलिव्होल्टच्या अंतरानं असतात, त्यामुळे ८८१, ८८७, ८९३ असे मिळतील. तो उचलून १८७५ वर ने, परत खूण दाब. त्याच्या उजवीकडचं सगळं आपोआप सपाट होईल. थंड असताना १८७५, तापल्यावर बहुधा १८४५. व्होल्टेज दोन पायऱ्या जास्त आणि क्लॉक तीन पायऱ्या कमी, त्यामुळे वीज जवळजवळ तेवढीच राहील. फ्रेममध्ये सत्तरच्या ठिकाणी एखादा जाईल.

सुरुवातीलाच आपोआप लागू होण्याचं बटण इतक्यात दाबू नको. आठवडाभर हातानं लाव. चुकीचं सेटिंग मशीन उठतानाच लागलं तर डेस्कटॉप दिसायच्या आत काळोख होतो आणि मग सेफ मोडमध्ये शिरून काढत बसावं लागतं. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ॲपमध्ये आपोआप ट्यूनिंग चालू असेल तर ते बंद कर, दोघं एकाच रेषेला हात घालतात.

तपासणीबद्दल मात्र नीट ऐक, कारण बहुतेक जण इथेच फसतात. टाइम स्पाय या कार्ड तपासायच्या प्रोग्रामचा स्ट्रेस टेस्ट वीस फेऱ्यांचा असतो आणि फ्रेमची स्थिरता ९७ टक्क्यांच्या वर राहिली की पास म्हणतो. तो चांगलाच आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून कार्ड तापलेलं असतं, म्हणजे तुझा आजार तो पकडणारच नाही. तू वीस काय, दोनशे फेऱ्या पास केल्या असत्यास. तुला थंड कार्ड तपासायचंय. गेम पाच मिनिटं चालव, बंद कर, पंखे शंभर टक्क्यांवर नेऊन कार्ड चाळिशीच्या खाली आण, पंखे परत आपोआपवर, परत गेम. असं दहा वेळा. गेमच्या मेनूतही दहा-दहा मिनिटं थांब. तिथे भार हलका, कार्ड थंड, आणि क्लॉक वरच्या टोकाला असतो. मी दुरुस्तीला आलेली कितीतरी अंडरव्होल्ट कार्डं मेनूत पडताना पाहिलीत.

मग दुसरं टोक. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं, असलेला एखादा जड गेम तासभर. ती यंत्रणा साध्या गेममध्ये झोपलेली असते, जागी झाली की चिपवर वेगळाच ताण येतो. सायबरपंक २०७७ असेल तर रे ट्रेसिंग लावून नुसता गर्दीत फिर.

मेमरी सगळ्यात शेवटी. आणि तिथे पडतं का एवढंच बघू नको, फ्रेम मोज. ही मेमरी वाटेत चूक झालेली ओळखते आणि तोच माल परत पाठवते, त्यामुळे जास्त ताणली तर गेम पडायच्या आधी फ्रेम कमी होतात. अधिक ५०० ला ७२ आणि अधिक ८०० ला ७१ आले, तर ५०० च.


मोरजी_खारंवारं

विषय अंडरव्होल्टचा आहे म्हणून माझं एक. रात्रपाळी, तुमच्याकडे डिचोलीत मीठ नाही, आमच्या घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. माझ्याकडे आरएक्स ६७०० एक्सटी आहे, २३० वॅटचं. पहिल्याच पावसाळ्यानंतर मागच्या पट्टीचे स्क्रू तांबूस झाले आणि एचडीएमआयच्या तोंडावर पांढरट बुरा बसला. हात लावला तर चिकट. तेव्हापासून मला पंखा किती फिरतो हीच काळजी. पंखा जितका जास्त फिरणार तितकी खारी हवा कार्डाच्या पात्यांतून जाणार.

एएमडीचं सॉफ्टवेअर वेगळं चालतं. ॲड्रेनलिनमध्ये परफॉर्मन्स, ट्यूनिंग, मग कस्टम. तिथे व्होल्टेजचा स्लायडर १२०० मिलिव्होल्ट दाखवतो. मी तो ११३० केला तेव्हा वाटलं आता कार्ड ११३० च्या वर जाणार नाही. तसं नाही, तो सगळी रेषच खाली ढकलतो, म्हणून खेळताना प्रत्यक्ष दिसणारा आकडा त्याहून वेगळा असतो. २० मिलिव्होल्टनं उतरत गेलो. ११०० ला एक गेम पडला, म्हणून ११३० ला थांबलो. कमाल क्लॉक २५०० च्या आसपास, किमान त्याच्या १०० खाली. पंख्याचे फेरे १९०० वरून १४०० च्या आत आले. या वर्षी उघडून पाहिलं तर पात्यांवरचा थर आधीपेक्षा पुष्कळ कमी.

दमटपणाबद्दल दादांनी लिहिलं ते पटलं. फक्त एक भर : पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज अर्धा तास जरी चाललं तरी बोर्ड खोलीपेक्षा गरम राहतो आणि त्यावर पाणी धरत नाही. आणि एसी लावत असाल तर थंडगार खोलीची दारंखिडक्या एकदम उघडू नका. जुलैत बाहेरची हवा आत आली की थंड धातूवर दव पडतं, तांब्याच्या गडूवर येतं तसं. मशीन चालू असेल तर ठीक, बंद असेल तर तासभर थांबून मगच चालू करा.

आणि पाल. कॅबिनेटच्या मागची रिकामी स्लॉट उघडी असेल तर बंद करून घ्या. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांच्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली, पाल गेली आणि सप्लायही गेला. पावसात त्यांना ऊबच हवी असते.


मडगाव_बॅकअप

रात्रपाळी, युपीएस टकटक करतो म्हणालास त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

६०० व्हीएच्या युपीएसवर बहुतेक ३६० वॅटच लिहिलेले असतात, मागचं लेबल बघ. मूळ सेटिंगवर तुझं कार्ड २००, प्रोसेसर गेममध्ये ६०-७०, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४०-५०, त्यावर पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारे, आणि मॉनिटर त्याच युपीएसवर असेल तर आणखी २५. भिंतीशी मोजलंस तर ३५० च्या वर जातोस. शिवाय हे कार्ड क्षणाच्या काही भागापुरतं २०० च्या बरंच वर उडी मारतं. भिंतीच्या विजेवर ते कळत नाही, बॅटरीवर असताना युपीएसला कळतं आणि तो हात वर करतो. कार्ड १५२ वर आणलंस की भिंतीशी पन्नासेक वॅट मोकळे झाले. हे अंडरव्होल्ट ठेवच, गेमपेक्षा युपीएससाठी ठेव.

दुसरा फायदा कमी जणांच्या लक्षात येतो. लाईट जाऊन युपीएस बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर मशीन धरून ठेवतो. पूर्ण भाराला साधारण १६ मिलिसेकंद धरून ठेवावं अशी अपेक्षा असते, आणि भार जितका कमी तितका तो जास्त वेळ पुरतो. तुझी लाईट डोळे मिचकावते तेव्हा मशीन बंद पडत नाही, त्यात या कमी झालेल्या भाराचाही वाटा आहे.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावर हे मशीन टाकायच्या आधी त्यातून निघणारी लाट साईन आहे की चौकोनी ते बघ. चौकोनी असेल तर टाकू नको. काही पॉवर सप्लाय त्यावर गुणगुणतात, काही सरळ बंद होतात.


पर्वरी_साठफ्रेम

कवळ्याच्या दादांचं वाचून मी माझंही कार्ड थंड आणि तापलेलं असं दोन्ही वेळा मोजलं. ६८ अंशांपर्यंत जाताना ४५ मेगाहर्ट्झ उतरतं. तीन वर्षं माझ्याकडे आहे आणि मला हे माहीत नव्हतं. पॉवर लिमिट ठेवतोय, पण रविवारी कर्व्ह करून बघणार.


रात्रपाळी_डिचोली

आठ दिवस काही लिहिलं नाही, कारण दादांनी सांगितलेलं सगळं संपवूनच लिहायचं ठरवलं होतं.

थंड कार्डावर ८९३ ला १८७५ बसवले. तापल्यावर १८४५ वर येऊन थांबतं, अगदी सांगितल्यासारखं. वीज १५४ वॅट. पाऊस असल्यामुळे तापमान ६४ च्या वर गेलंच नाही. दहा थंड सुरुवाती केल्या, पंखे शंभरवर नेऊन कार्ड ३९ वर आणायला प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं लागली. एकदाही पडला नाही. मेनूत वीस मिनिटं ठेवून जेवून आलो, तिथेच होता. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग लावून दीड तास फिरलो.

मेमरी मोजली तेव्हा मात्र धक्का बसला. शून्याला ६९, अधिक ५०० ला ७१, आणि माझ्या त्या अधिक ८०० ला परत ७०. तीन वेळा मोजलं, तेच. म्हणजे मे महिनाभर मी मेमरी जास्त चालवून फ्रेम घालवत होतो. ५०० वर ठेवली.

परवा खेळतानाच लाईट गेली, युपीएस टकटकला, गेम चालूच राहिला, मी नीट सेव्ह करून मशीन बंद केलं. मोरजीकर, मागच्या दोन उघड्या स्लॉटना पट्ट्या लावल्या. एका स्लॉटमधून पालीचं रिकामं अंडं निघालं.

चुलतभावाच्या मशीनवर मीच ते तापलेल्या कार्डाचं सेटिंग बसवून दिलं होतं. त्याची खोली स्लॅबची आहे, दिवसभर उकडते, म्हणून अजून पडलं नसावं. शनिवारी साखळीला जाऊन त्याचंही थंड कार्डावर करून देतो, नाहीतर डिसेंबरात त्याचा फोन येईल.

आज सकाळी आलो तेव्हा खोली २५, कार्ड ३५ अंश, आजवरचं सगळ्यात थंड. गेम लावला, कोपऱ्यात १८७५ दिसले. पेजेची वाटी हातात घेऊन पाच मिनिटं नुसता आकड्याकडे बघत बसलो. १८६०, मग १८४५, आणि मग खेळायला घेतलं. दादा, देव बरें करूं.